किल्ल्यावरचा माझा बिबट्या

गड्ड्याची यात्रा चार दिवसांवर आली होती, थंडीही बऱ्यापैकी होती. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नॅनो बनानाला, म्हणजे गूगलच्या चित्रं काढणाऱ्या एआयला सांगितलं, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर बसलेला बिबट्या काढ, अंगावर सोलापुरी चादर, पुढ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. झकास निघाला. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर टाकला, हशा झाला. मग एकजण म्हणाला, "चादर काढ की बे, नुसता बिबट्या बसव." मी काढली. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एआय' लिहिलं आणि झोपलो.

सकाळी आईनं मोबाइल नाकासमोर धरला. "हुतात्मा बागेकडं फिरायला जाऊ नको, बिबट्या आलाय."

एका स्थानिक पोर्टलची बातमी होती. 'किल्ल्यावर बिबट्या? फोटो व्हायरल, नागरिकांमध्ये भीती'. माझं 'एआय' कापलं गेलं होतं आणि त्या जागी पोर्टलचा लोगो. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह मात्र शाबूत. त्या एका चिन्हावर सगळी जबाबदारी टांगलेली असते. सकाळी सात वाजता भीती कुठल्या नागरिकांना विचारून लिहिली, देव जाणे. पण नंतर ती खरोखरच पसरली. आपल्या जिल्ह्यात हा विषय चेष्टेचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घालावी लागली होती. हे रात्री मला आठवायला हवं होतं.

पोर्टलला फोन लावला. "ओ, तो फोटो मी केलाय, खोटा आहे."
"तुम्ही वनखात्यातून बोलताय का?"
"नाही, मीच केलाय म्हणतोय."
"मग पुरावा पाठवा. असे दिवसभर फोन येतात."

गंमत बघा, छापायला पुरावा लागला नव्हता. पण चूक माझी, त्यामुळे आवाज खाली ठेवला. मूळ फाइल, चादरीवाला फोटो, लिहिलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट, सगळं पाठवलं. उत्तर आलं, स्क्रीनशॉट काय, कुणीही बनवतं. तेही खरंच. मग पोर्टलवरचाच फोटो उतरवून जेमिनी या गूगलच्याच एआयला विचारलं, हा एआयनं केलाय का? गूगलच्या साधनांनी काढलेल्या चित्रात सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते. ती चित्राच्या ठिपक्यांतच मुरलेली असते, त्यामुळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला, थोडाफार कापला तरी सहसा टिकते. माझी टिकली होती. होय, गूगलच्या एआयनं केलेलं आहे, असं उत्तर आलं.

पण डेस्कवरच्या माणसाला पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मी म्हणालो, उजवीकडची पाटी मोठी करून बघा. त्यानं फोनवरच वाचली, "सोलपाूर महनगरपलिाका..." थोडा वेळ गप्प. मग स्वतःच हसायला लागला. रात्रपाळी करून घरी न गेलेला माणूस होता बिचारा. पाच पोर्टलांनी लावली म्हणून आम्ही लावली, म्हणाला. किल्ल्याच्या दाराशी बसलेल्या माणसाला पाचांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

ही काही सोलापूरचीच तऱ्हा नाही. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला फोटो जगभर फिरला, तो मिडजर्नी नावाच्या एआयवर केलेला होता. त्यात निदान कुणी घाबरलं नाही. त्याच वर्षी २२ मे रोजी पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं बनावट चित्र आलं, अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटं खाली आला, आपल्याकडच्या वाहिनीवरही ते दिसलं. पेंटागॉन जिथं आहे त्या आर्लिंग्टनच्या अग्निशमन दलानं स्फोट झालेलाच नाही असं सांगितलं, तेव्हा ते थांबलं. थोडक्यात, तिथल्या माणसाला विचारलं की काम होतं.

दुपारी बातमी बदलली. 'फॅक्ट चेक : किल्ल्यावरचा बिबट्या एआयचा'. मी विनवलं होतं की 'बनावट' हा शिक्का बिबट्याच्या अंगावरच मारा, खालच्या ओळीत नको. ओळ फोटोबरोबर फिरत नाही. "फोटो खराब दिसतो हो," म्हणाला. शिक्का खालीच राहिला, बिबट्या पहिल्यापेक्षा मोठा छापला. संध्याकाळी दुसऱ्या एका पोर्टलवर तिसरी बातमी, 'तरुणाचा खोडसाळपणा'. नाव नव्हतं, तरी दोन दिवस अनोळखी नंबर उचलला नाही. अफवा पसरवणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे, हे मी तोवर वाचून बसलो होतो. फोन कुणाचाच आला नाही.

रात्री मामाचा मेसेज आला. फॅक्ट चेकमधला तोच मोठा फोटो, खालची ओळ कापलेली. वर लिहिलं होतं, 'पोरांना बाहेर सोडू नका.'