१२ व्होल्टची जीप: व्होल्ट नेमके गळतात कुठे

मंडळी, भाचीच्या बसून चालवायच्या, बॅटरीवरच्या खेळण्यातल्या जीपचं काम बरंच पुढे सरकलंय. मुख्य बिघाड सापडला. तो ज्या पद्धतीने सापडला ती बॅटरीवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक खेळण्यातल्या गाडीला लागू पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी अशी: मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळी मोटर, सीटखाली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, आणि रिमोटचा रिसीव्हर व रिले (मोटरींचा करंट चालू-बंद करणारे स्विच) एकाच बोर्डावर. हॉर्न, दिवे, गाणी सगळं ठणठणीत. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी वीतभर पुढे उसळते आणि मरते. बोर्डावरचा लाल दिवा विझतो, क्षणभराने परत लागतो, पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. चाकं जमिनीवरून उचलून धरली की मात्र दोन्ही मस्त फिरतात.

दाजींनी ती आधी दुकानात नेली होती. तिथे बॅटरी बदलून मिळाली, दुखणं होतं तिथेच राहिलं. ताईचं म्हणणं, "अरे, नवी बॅटरी टाकूनही चालत नाही म्हणजे मोटरच गेली असणार." पण मोटर गेली असती तर चाकं उचलल्यावर अशी फिरली नसती. आणि बोर्डावरचा दिवा विझतोय याचा अर्थ बोर्डापर्यंत पोचणारे व्होल्टच कोसळतायत. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला तर १२.८. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरिंगमध्ये कुठे कार्बन धरला असेल, म्हणजे एखादा जोड खराब होऊन करंटला अडवत असेल, तर तो या आकड्यात दिसत नाही. दिवे आणि गाणी अर्ध्या अँपिअरच्या आत भागवतात, त्यांनाही तो जाणवत नाही. मूल बसलेलं असताना मोटरी निघायला लागल्या की करंट वीस अँपिअरच्या आसपास जातो, आणि तेव्हाच तो खराब जोड दगा देतो. त्यामुळे बघायचं ते लोडवर, म्हणजे भरपूर करंट वाहत असताना.

मोटर अडवून लोड द्यायचा मोह होतो, तो टाळा. नायलॉनचे गिअर आधी तुटतात. मी गॅरेजवाल्यांची युक्ती वापरली: गाडीच्या हेडलाइटचा एच-४ बल्ब, ६०/५५ वॅटचा, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून. बोर्डाचं मुख्य कनेक्टर काढलं आणि त्या टोकांना बल्ब लावला. साधारण आठ अँपिअरचा लोड झाला, तोही जागेवर, शांतपणे. (काच प्रचंड तापते. प्लॅस्टिकच्या बॉडीपासून लांब, फरशीवर ठेवा आणि पोरांना खोलीबाहेर काढा.)

आता आकडे. बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या टोकांवर १२.२, बल्बच्या टोकांवर ९.६. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेत गायब. बॅटरी निर्दोष, मोटरी निर्दोष. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना पिना टेकवत गेलो. चांगल्या जोडावर शून्याच्या जवळचं काहीतरी दिसायला हवं. निगेटिव्हच्या थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणावर) ०.३, वायरमध्ये मिळून ०.२, आणि फ्यूज होल्डरवर तब्बल २.१.

होल्डर उघडून पाहिला. फ्यूज शाबूत, पण त्याच्या एका पात्यावर निळसर-तपकिरी डाग, आणि ते पातं धरून ठेवणारी पितळी चिमटी ताव जाऊन सैल पडलेली. त्या बाजूचं प्लॅस्टिक पिवळं पडून किंचित फुगलंय. हिशोब केला तर कारण कळतं: २.१ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर, म्हणजे सतरा वॅट उष्णता. आपला नेहमीचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. लहान मुलाच्या सीटखाली जवळजवळ तेवढं काहीतरी तापत होतं!

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. होल्डर खराब निघाला की तिथे सरळ वायर पिळून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून करू नका. ७ अँपिअर-अवरची ही बॅटरी शॉर्ट झाली तर शंभर अँपिअरच्या वर करंट सोडते. अमेरिकेत ऑक्टोबर १९९८ मध्ये फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीला पॉवर व्हील्स नावाच्या, मुलांनी बसून चालवायच्या सुमारे एक कोटी बॅटरी-गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, त्या विजेचे भाग तापून आग लागण्याच्या धोक्यामुळेच.

मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून झाकणाचा ब्लेड फ्यूज होल्डर आणला, फ्यूज मूळ होता तेवढ्याच रेटिंगचा, आणि पॉझिटिव्हची वायर २.५ स्क्वेअर एमएमची केली. थिंबल नवीन क्रिंप केलं (पकडीने दाबून बसवलं), वर हीट श्रिंक, म्हणजे तापवलं की आवळून बसणारी नळी. पुन्हा बल्ब लावला: बॅटरीवर १२.१, बल्बवर ११.८. भाची बसली आणि जीप पार्किंगमधून एका दमात गेटपर्यंत गेली. "मामा, आता चढावर!" अशी फर्माईश लगेच.

चढावर मात्र ती डावीकडे ओढते. दोन्ही मोटरींचा करंट चाकं उचलून वेगवेगळा मोजला: उजवी १.४ अँपिअर, डावी जवळजवळ दुप्पट. मोटरींची अदलाबदल केली तरी जास्त करंट डावीकडेच, म्हणजे दोष चाकात. चाक काढलं तर ॲक्सलवर संक्रांतीचा मांजा आणि लांब केस यांचं घट्ट कडं बसलेलं, चाकाच्या बुशाला घासून आतून वितळलेलं. ब्लेडने कापून काढलं, ॲक्सल पुसून थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. करंट उजवीच्या बरोबरीला आला. हे काम पाच मिनिटांचं आहे, दर संक्रांतीनंतर करून टाकावं.

जुनी, "गेलेली" बॅटरीही दाजींकडून मागून घेतली. रात्रभर चार्ज करून त्याच बल्बवर लावली तर दहा मिनिटांनंतरही ११.४ वर तग धरून होती. म्हणजे ती चांगलीच होती. दोन्ही आता आलटून पालटून वापरू. दाजींना एवढंच सांगितलंय की खेळ झाला की त्याच दिवशी चार्जिंगला लावा. उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी पावसाळाभर गॅलरीत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती खरोखरच जाते.

चार्जिंगच्या सॉकेटचं काम राहिलंय. पिन घातली की आत हलते, आणि चार्जरचा दिवा हिरवा-लाल होत राहतो. पुढच्या फेरीत तेच उघडतो.