आझँकूर: जी नाही, झेड टाका

सगळ्यात आधी हे वाचा. १४१५च्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंचांना जिथे हरवलं आणि इंग्रज ज्याला अ‍ॅजिनकोर्ट म्हणतात त्या गावाचं फ्रेंच स्पेलिंग झेडने (Azincourt) आहे, आणि जी-वालं (Agincourt) गाव पण फ्रान्समध्येच आहे पण ते पार पूर्वेला नान्सीजवळ, आमचा मॅप निमूटपणे तिकडेच निघाला होता, दादाने किलोमीटरचा आकडा बघितला म्हणून वाचलो.

दादा म्हणजे मामेभाऊ, लंडनला असतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टनहून गाडी समुद्राखालच्या बोगद्यातल्या ट्रेनवर चढवली की ३५ मिनिटांत फ्रान्सला, कॅलेच्या बाजूला, तिथून तास-सव्वा तास. (ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेन वेगळा काढा.) ऑक्टोबर शेवटचा आठवडा मुद्दाम धरला कारण लढाई २५ ऑक्टोबर १४१५ची. रात्रभर पाऊस पडला, दादा वैतागला, मी म्हटलं अरे हेच तर पाहिजे, लढाईच्या आदल्या रात्रीही असाच पडला होता!

गावात शिरताना रस्त्याच्या कडेला लाकडी तिरंदाज कापून उभे केलेत, म्युझियम छान आहे, पण खरं बघायचं ते शेत. आझँकूर, त्रामकूर आणि मेझाँसेल अशा तीन गावांच्या मधे. बघितलं तर काहीच नाही हो, नांगरलेली जमीन नि लांब झाडी. पण तेव्हा दोन्ही बाजूंना रान होतं आणि मधली मोकळी जागा जेमतेम किलोमीटरभर, म्हणजे फ्रेंचांचं एवढं मोठं सैन्य त्या बोळात घुसलं आणि संख्याच अंगावर आली.

मी बांधावरून फक्त एक पाय खाली टाकला फोटोसाठी, तर बूट तिथेच आणि पाय मोज्यासकट वर. ओढला तर पचाक आवाज, तळव्याला दोन बोटं जाड चिकणमाती. मी नुसता जॅकेट घालून होतो. फ्रेंच सरदार अंगभर लोखंड घालून, आधी त्यांच्याच घोड्यांनी तुडवून ठेवलेल्या असल्या चिखलातून चालत आले, समोरून बाणांचा पाऊस, मागून आपल्याच लोकांची रेटारेटी, पडला तो उठलाच नाही. इंग्लंडचा राजा हेन्री पाचवा, त्याचं सैन्य हार्फ्लर या फ्रेंच बंदराच्या वेढ्यापासून हगवणीने बेजार झालेलं आणि त्यात बहुतेक साधे तिरंदाज, पुढे अणकुचीदार खुंट रोवून उभे. नंतर त्याने कैदी मारायचा हुकूम दिला ते मात्र इंग्रज जरा हळू आवाजात सांगतात. फ्रेंचांकडचा ऑर्लेआंचा ड्यूक शार्ल प्रेतांच्या ढिगाखाली जिवंत सापडला, मग २५ वर्षं इंग्लंडात कैदेत, तिथे कविता करत बसला.

त्रामकूरच्या रस्त्याला झाडांमधे एक क्रूस आहे, तिथे मेलेल्यांना पुरलं असं मानतात. आम्ही होतो तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

आता कामाचं. तिन्ही गावांना चालत चक्कर मारायला दीड-दोन तास ठेवा, शेतं खाजगी आहेत, पिकात घुसू नका. जेवण बारा ते दोनच्या आत उरका, नंतर आसपास काही मिळेल या भरवशावर राहू नका, आम्ही बिस्किटं नि बायकोने दिलेल्या चकल्यांवर काढलं. म्युझियम कुठल्या दिवशी बंद ते निघण्याआधी बघून घ्या. वेळ असेल तर क्रेसी (इंग्रज-फ्रेंचांचीच आधीची लढाई, १३४६) तासाभराच्या आत आहे, तिथे लाकडी मनोऱ्यावरून मैदान नीट कळतं.

आणि बुटांसाठी जाड पिशवी न्या. आम्ही नेली नाही, गाडी भाड्याची होती, मॅट धुवायचे पैसे लावले.