एस्टोनियातल्या शाळेत लॅपटॉप कपाटात का असतात?

आमची लेक टॅलिनमधल्या नगरपालिकेच्या एका शाळेत सहावीत शिकते. पालकांसाठी अधूनमधून खुले तास असतात, तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसते. वर्गात भिंतीवर मोठा पडदा आहे. कोपऱ्यात चाकांचं एक कपाट आहे, त्यात ओळीने चार्जिंगला लावलेले लॅपटॉप. आणि मुलांच्या पुढ्यात बहुतेक तासांना वही, पेन्सिल आणि छापील पुस्तक. घरच्यांना फोनवर हे सांगितलं की कुणाला पटत नाही. स्काइप घडवणाऱ्या इंजिनिअरांचा हा देश, इथे मतदानसुद्धा घरबसल्या इंटरनेटवरून होतं, आणि इथली मुलं वहीत लिहितात?

लिहितात. भरपूर लिहितात. ते कपाट उघडतं ते कारण असलं तरच, आणि काम झालं की लॅपटॉप परत जागेवर. हे कसं जमलं, याचं मला इथे आल्यापासून कुतूहल आहे. त्यातलं जे दिसलं आणि कळलं ते लिहिते आहे.

सुरुवात जुनी आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झालेल्या या देशाची लोकसंख्या आजही चौदा लाखांच्या आत आहे. तेव्हा तिजोरीत फारसं काही नव्हतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेन्नार्ट मेरी यांनी ‘टीग्रिह्युपे’, म्हणजे ‘वाघाची झेप’, नावाची योजना जाहीर केली: देशातल्या प्रत्येक शाळेत संगणक आणि इंटरनेट. कल्पनेमागे होते तोमास हेन्द्रिक इल्वेस. ते तेव्हा वॉशिंग्टनमध्ये राजदूत होते, पुढे २००६ ते २०१६ या काळात राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचं बालपण अमेरिकेत गेलं आणि शाळकरी वयातच गणिताच्या बाईंनी त्यांना प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. ही गोष्ट ते स्वतः पुष्कळदा सांगतात. एका बाईंनी एका वर्गात जे केलं ते सगळ्या देशात का होऊ नये, असा तो सरळ हिशोब होता.

विरोध झालाच. पगार पुरत नाहीत, छपरं गळतात, आणि तुम्ही संगणक कसले घेता? मला तो विरोध चुकीचा वाटत नाही. पण योजना राबवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला. डबे पोचवून हात झटकले नाहीत, शिक्षकांना शिकवण्यावर तितकाच जोर दिला. संगणक चालवायला शिकलेल्या शिक्षकांनीच पुढच्या शिक्षकांना शिकवलं. आमच्या लेकीच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई त्या पिढीतल्या आहेत. माऊस पहिल्यांदा हातात धरला तेव्हा आपण पस्तिशी ओलांडली होती, असं त्या हसत सांगतात.

त्या झेपेचं सगळ्यात उपयोगी फळ मात्र वर्गात दिसतच नाही. ते म्हणजे ‘ईकोल’, २००२ पासून चालू असलेली शाळेची ऑनलाइन रोजवही. (काही शाळा ‘स्टूडियुम’ नावाची दुसरी प्रणाली वापरतात, काम तेच.) प्रत्येक तासाला काय शिकवलं, गृहपाठ काय, चाचणी कधी, गैरहजेरी, गुण, शेरे, बाईंचे निरोप, सगळं तिथे. ओळखपत्राने किंवा फोनवरच्या स्मार्ट-आयडीने आत शिरायचं. मूल आजारी पडलं तर सकाळी तिथेच दोन ओळी लिहायच्या.

बाहेरून आलेल्या आमच्यासारख्या पालकांना याची किंमत विशेष कळते. माझं एस्टोनियन अजून दुकानात भागेल एवढंच आहे. बाईंनी फळ्यावर तोंडी सांगितलेला गृहपाठ लेकीने अर्धवट ऐकला असता, तर मी काय करणार होते? पण तो लिहिलेला असतो. मी तो भाषांतर यंत्रात टाकते आणि संध्याकाळी दोघी मिळून बसतो. चार दिवस तापात गेले तरी वर्ग कुठवर पोचला हे कुणाच्या आईला फोन करून विचारावं लागत नाही.

याच रोजवहीचा जाचही आहे. चाचणीचे गुण बाईंनी भरले की माझ्या फोनवर लगेच येतात, लेक अजून ट्रॅममध्येच असते. इथे पाच म्हणजे उत्तम आणि दोन म्हणजे नापास. एखाद्या दुपारी ‘तीन’ झळकले की ऑफिसात बसल्या जागी माझा चेहरा पडतो, आणि ती घरात पाऊल टाकते तेव्हा आपलं तोंड आधीच वाकडं झालेलं असतं. तिला स्वतःहून सांगायची संधीच मिळत नाही. शेवटी मी गुणांच्या सूचना बंद केल्या. तिने सांगायचं, मग मी बघायचं. माझ्या ओळखीतल्या अनेक एस्टोनियन आयांनीही हेच केलंय.

शाळेलाही हे कळत असावं. अनेक शाळा पहिल्या काही इयत्तांत आकडे देतच नाहीत, शब्दांत लिहितात. आणि वर्षातून निदान एकदा शिक्षक, पालक आणि मूल असे तिघे समोरासमोर बसतात. ‘आरेंगुवेस्तलुस’ म्हणतात त्याला, आणि ते शाळेला बंधनकारक आहे. तिथे आधी मूल बोलतं: मला काय जमतं, काय जड जातं, पुढे काय करायचंय. गेल्या खेपेला लेकीने सांगितलं की गणिताचे शाब्दिक प्रश्न येतात, पण वाचून संपेपर्यंत वेळ जातो. ईकोलमध्ये तिच्या गुणांचा अख्खा इतिहास होता, त्यात हे कुठेच दिसलं नव्हतं.

आता वर्गाकडे येते.

बऱ्याच शाळांत ‘हरिदुसतेहनोलोग’ नावाचं पद असतं, शैक्षणिक तंत्रज्ञ म्हणू या. प्रिंटर दुरुस्त करणारा तो नव्हे. शिक्षकाने येऊन म्हणायचं, मला अमुक धडा शिकवायचाय, मुलं तिथे अडतात. मग दोघांनी बसून ठरवायचं की यात यंत्राचा उपयोग आहे का. ‘नाही’ हेही उत्तर असतं. आपल्याकडे यंत्र आधी येतं आणि त्याचं करायचं काय हे मागून शोधतात, अशा कितीतरी ठिकाणी मी काम केलंय. म्हणून मला या पदाचं फार अप्रूप.

विज्ञानाचा एक तास सांगते. विषय होता गरम पाणी निवण्याचा. दोन पेले, एकावर झाकण, एक उघडा. दोन्हीत तापमान मोजणारे सेन्सर, ते लॅपटॉपला जोडलेले. पण लॅपटॉप उघडण्याआधी बाईंनी मुलांना वहीत आलेख काढायला लावला: तुमच्या मते रेष कशी जाईल? बहुतेकांनी पट्टीने सरळ उतरती रेष मारली. मग सेन्सर सुरू झाले आणि पडद्यावर रेष उमटू लागली, आधी भराभर खाली, नंतर हळूहळू आडवी होत जाणारी. एक मुलगा म्हणाला, सेन्सर बिघडलाय. बाईंनी त्याला खोडलं नाही. म्हणाल्या, तपास. त्याने सेन्सर बदलला, पुन्हा तीच वाकडी रेष. मग वीस मिनिटं वाद: पाणी खोलीइतकं थंड होत आलं की निवण्याचा वेग का मंदावतो? हे हाताने तापमापी धरून, दर मिनिटाला आकडा टिपून करता आलं असतं, पण अख्खा तास टिपण्यातच गेला असता. यंत्राने टिपण्याचा वेळ वाचवला आणि तो विचाराला मिळाला. आणि आधी वहीतली रेष नसती, तर पडद्यावरची रेष बघून मुलांनी मान डोलावली असती, एवढंच.

याच विचाराचा मोठा प्रयोग या देशाने पूर्वी करून पाहिला आहे. २०१३ मध्ये ब्रिटिश उद्योजक कॉनरॅड वुल्फ्रम यांच्या संगणकाधारित गणिताच्या पद्धतीने संख्याशास्त्र शिकवायचं ठरलं: आकडेमोड संगणकाने करायची, प्रश्न मांडणं आणि उत्तराचा अर्थ लावणं मुलांनी.

याउलट, छापील व्यवसायमाला स्क्रीनवर चढवली की ती ‘डिजिटल’ होते, हा प्रकारही इथे आहेच. चौकोनावर टिचकी मारा, हिरवं झालं तर बरोबर. लेक त्यात पटाईत झाली आहे. हिरवं होईपर्यंत टिचक्या मारते! असं सॉफ्टवेअर कुणालाच काही शिकवत नाही, असं माझं मत आहे, मग ते कितीही रंगीत असो. ‘नाइन्टीनाइन मॅथ’ नावाचा इथलाच एक खेळ तेवढा बरा. पाढे-बेरजांची वर्गभर चुरस लागते, पाच-सात मिनिटांत आटोपतं आणि कपाट बंद.

भाषेबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण आमच्या घरात तंत्रज्ञानाने खरा हात दिला तो इथे. एस्टोनियन नामाला चौदा विभक्ती. ‘रामात’ म्हणजे पुस्तक, ‘रामातुस’ पुस्तकात, ‘रामातुस्त’ पुस्तकातून. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही, पण शब्द कोशात शोधायचा तर मूळ रूप ठाऊक हवं, आणि धड्यात भेटतं ते भलतंच रूप. ‘सोनावेब’ हा एस्टोनियन भाषा संस्थेचा ऑनलाइन कोश २०१९ पासून आहे. त्यात कुठलंही रूप टाका, तो मुळाशी नेतो आणि सगळी रूपं मांडून दाखवतो, उच्चारासकट. लेकीने पहिलं वर्ष त्याच्याच भरवशावर काढलं. फोनचा कॅमेरा धड्यावर धरून सगळं पान इंग्रजीत वाचणं तिला केव्हाही जमलं असतं, पण भाषेच्या बाईंनी एक नियम घातला होता: पान आधी एकदा तसंच वाचायचं, अडलेल्या पाच शब्दांखाली रेघ मारायची, आणि ते पाचच शोधायचे. सहाव्या शब्दाला मनाई. नियम लेकीला जाचक वाटायचा. आता ती मला दुकानातल्या पाट्या वाचून दाखवते आणि माझ्या चुका काढते.

निकालांचं बोलायचं तर २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत एस्टोनियाच्या पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात ५१०, वाचनात ५११ आणि विज्ञानात ५२६ गुण मिळाले. गणित आणि विज्ञानात युरोपात पहिले. याचं श्रेय कुणी संगणकांना देऊ लागलं तर सावध राहा. त्याच चाचणीच्या सर्व देशांच्या अहवालात दोन निरीक्षणं शेजारी-शेजारी आहेत. शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासभरापर्यंत उपकरणं वापरणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने जास्त होते, घरची परिस्थिती जमेस धरूनही. आणि गणिताच्या तासाला शेजाऱ्याच्या उपकरणामुळे लक्ष विचलित होतं असं सांगणाऱ्यांचे १५ ने कमी. म्हणजे एका मुलाने लपून व्हिडिओ पाहिला तर नुकसान बाजूच्याचंही होतं.

म्हणून फोनचा प्रश्न इथेही तापतो. सरसकट देशव्यापी बंदी नको, नियम शाळांनी करावेत, अशी शिक्षणमंत्री क्रिस्टिना काल्लास यांची भूमिका राहिली आहे. स्थानिक निवडणुकीत इथे सोळाव्या वर्षी मत देता येतं, तेही ऑनलाइन. मग त्याच मुलाच्या हातातला फोन शाळेत धोकादायक कसा, असा त्यांचा युक्तिवाद. मोठ्या मुलांपुरतं मला ते पटतं. सहावीच्या वर्गात नाही, आणि सुदैवाने लेकीच्या शाळेत फोन सकाळी खोक्यात जातात.

सध्या सगळीकडे चर्चा आहे ती नव्या झेपेची. ‘टीआय-ह्युपे’, कृत्रिम बुद्धिमत्तेची झेप, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली: पहिल्या टप्प्यात दहावी-अकरावीची सुमारे २०,००० मुलं आणि ३,००० शिक्षक. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार झाला. आयतं उत्तर हाती न देता मुलाला उलट प्रश्न विचारत पुढे नेणारं साधन हवं, असा हेतू जाहीर झाला आहे. आमच्या शेजारचा मुलगा अकरावीत आहे. तो म्हणतो, उलट प्रश्न विचारणाऱ्याकडे कोण जाणार, फोनमध्ये सरळ उत्तर देणारा आहेच की! त्याच्या इतिहासाच्या सरांनी यावर आपला उपाय काढलाय. निबंध घरून लिहून आणा, हवी ती मदत घ्या, पण वर्गात उभं राहून त्यातल्या कुठल्याही दोन वाक्यांवर बोलावं लागेल. हा उपाय चांगला आहे, पण तीस मुलांना एकेक करून ऐकायला सरांकडे वेळ हवा.

आणि खरी टंचाई तिथेच आहे. जानेवारी २०२४ मध्ये इथले शिक्षक पगारवाढीसाठी संपावर गेले होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे शिक्षक पुष्कळ, नव्याने येणारे कमी, आणि ज्यांना गणित-विज्ञान उत्तम येतं त्यांना सॉफ्टवेअर कंपन्या जास्त पगार देतात. आमच्या पालकसभेत एका बाबांनी विचारलं, रोबोटिक्सचे आणखी संच घ्यायचे का, आम्ही वर्गणी काढतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, संच आहेत, तो तास घेणारं माणूस आठवड्यातून एकच दिवस येतं. शाळेला आठवीसाठी भौतिकशास्त्राचा शिक्षकही हवा आहे. संकेतस्थळावर जाहिरात वसंतापासून लागलेली आहे, आणि त्या सभेत बसलेल्या पालकांपैकी निम्मेअधिक जण इंजिनिअर होते.