दादरची एक पायरी आणि तिच्यावर दिवसभर बसणारी माणसं

मी लातूरची. मुंबईला आधी तीनदा गेले होते पण ते म्हणजे लग्न, दवाखाना, परीक्षा असं काहीतरी, उतरायचं, काम उरकायचं, रात्रीच्या गाडीने परत. यावेळी मावशीकडे दादरजवळच्या नायगावला आठ दिवस राहिले आणि कुठलंच काम नव्हतं, म्हणून रोज उठून नुसती रस्त्यावर फिरले. गेटवे आणि मरीन ड्राइव्ह एका दिवसात झालं, त्याबद्दल लिहीत नाही, ते फोटोत सगळ्यांनी बघितलंय.

मार्गशीर्ष चालू होता. गुरुवारी पहाटे साडेचारला मावशीने हलवून उठवलं, चल फुलं आणायला, नंतर गेलं की उरलेसुरलेच घ्यावे लागतात. टिळक पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो तर काय गर्दी ओ! आमच्याकडे त्या वेळी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं आणि इथे टेम्पोतून झेंडूच्या गोण्या उतरतायत, शेवंतीचे ढीग, गुलाबाच्या जुड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, पायाखाली सगळा ओला चिखल आणि देठं, आणि मागून हमाल ओरडत येतो, सरका सरका, ते एकदाच ओरडतो, दुसऱ्यांदा धक्काच. पण वास! ओल्या झेंडूचा इतका वास मी आयुष्यात एकदम कधी घेतला नव्हता.

तिथून बाहेर पडताना साड्यांच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर एक आजी बसलेल्या. पुढ्यात आंब्याचे डहाळे, बेल, दुर्वा, पळसाची पानं. मावशी दर वर्षी त्यांच्याकडूनच पाच डहाळ्या घेते. कसाऱ्याच्या पुढच्या पाड्यावरच्या त्या, तिथून दादर म्हणजे लोकलने दोन-अडीच तास, म्हणून आदल्या रात्रीच शेवटच्या गाडीने येतात आणि भाऱ्याला टेकून इथेच रात्र काढतात. मला म्हणाल्या, बाय, बस की, उभी का? आणि भारा सरकवून मला पायरीचा एक कोपरा दिला. मावशी फळं घ्यायला गेली आणि मी तिथे बसले ती उजाडेपर्यंत बसलेच.

साडेआठच्या सुमाराला आजींनी आवरायला घेतलं. उरलेली पानं बांधली, आणि शटरच्या बाजूच्या पाइपामागून एक खराटा काढला, पूर्ण पायरी आणि समोरचा फुटपाथ झाडला, कचरा गोणीत भरला, खराटा परत पाइपामागे. तेवढ्यात भोंगा वाजवत एक इडलीवाला अण्णा सायकल घेऊन आलाच. आजींनी मान हलवली, त्याने हलवली, आणि आजी निघाल्या. मी विचारलं, हे कुणी ठरवलं? तर म्हणाल्या, ठरवायचं काय त्यात, मी उठले की तो बसतो.

मला ते इतकं भारी वाटलं की पुढचे चार दिवस मी वेगवेगळ्या वेळी मुद्दाम त्याच पायरीपाशी गेले. अण्णाची इडली दहापर्यंत संपते, तो त्याच खराट्याने झाडतो. साडेदहाला शेठ शटर उघडतो, मग पायरी दुकानाची, पण तिच्या खाली बाजूला एक दादा रुमाल, क्लिपा, मोबाइलची कव्हरं घेऊन घडीचं टेबल मांडतो. चारनंतर टेबल मिटतं आणि वडापावची गाडी लागते. दुकान बंद झालं, गाडी गेली, की अकराला एकजण पुठ्ठा आणि चादर घेऊन येतो. लातूरला जागा म्हणजे माणसाचं नाव. अमक्याची टपरी, तमक्याचा कट्टा, वीस वर्षं तोच माणूस, त्याच्यानंतर त्याचा मुलगा. इथे जागा माणसाची नाहीच, वेळेची आहे. पाच जणांची पोटं दोन हात लांब दगडावर चालतात आणि खराटा एकच.

लोकलमध्येपण हेच. लेडीज डब्यात शिरले तर बसलेल्या बाईला उभ्या बायका सरळ विचारतात, कुठे उतरणार? ती म्हणाली दादर, की ती सीट दादरपासून विचारणारीची, मग मध्ये कितीही गर्दी चढू दे, कुणी हात लावत नाही. तीन जणींच्या सीटवर चौथी बसते, आणि तिला अर्धीच जागा मिळते तरी कुणी कुरकुर करत नाही कारण प्रत्येकीने कधी ना कधी चौथी होऊन प्रवास केलेला असतो. मी भायखळ्याला उतरणार म्हटलं तर एकीने माझ्याकडे बघून डोक्यानेच खूण केली, बुक झाली म्हणजे!

रुमालवाल्या दादाशी बोलले एकदा दुपारी. तो जुन्नरचा, त्याचे चुलते डबेवाले होते, त्यामुळे अकराच्या सुमाराला डोक्यावर डब्यांची लांब पाटी घेऊन कुणी आलं की हा गिऱ्हाईक सोडून आधी टेबल आत ओढतो. डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालू आहे, बहुतेक माणसं खेड, मावळ, मुळशी, जुन्नर याच बाजूची, डब्याच्या झाकणावरच्या खुणांवर सगळा कारभार. ट्रेन काही सेकंदच थांबते ना, म्हणून रस्त्यावर त्यांना सगळे वाट देतात.

पण दादाचा एक डोळा कायम गल्लीच्या तोंडाकडे. पालिकेची गाडी आली की शिट्टी वाजते आणि अर्ध्या मिनिटात अख्खी गल्ली रिकामी. मी पाहिलं ते, टेबल मिटलं, माल चादरीत, चादर खांद्यावर, आणि शेठने दुकानाचं काउंटर उघडून ते गाठोडं आत घेतलं, एक शब्द न बोलता. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, सर्व्हे करा, सर्टिफिकेट द्या, त्यांची समिती नेमा असं त्यात म्हटलंय. दादाकडे असला कुठलाच कागद नाही. आणि २०१७ ला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसायला बंदी केली.

ती बंदी उगाच नव्हती हेही सांगायला पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर, म्हणजे आताच्या प्रभादेवीला, चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. मावशी तेव्हा त्याच पुलावरून कामाला जायची, त्या दिवशी तिची गाडी लेट होती. ती अजूनही जिन्यावर गर्दी दिसली की कठड्याला धरून उभी राहते, गर्दी ओसरेपर्यंत हलत नाही. तिला विचारलं, मग फेरीवाले नकोत का? म्हणाली, जिन्यावर आणि पुलावर कुणीच नको, पण आजीला पायरीवरून उठवलं तर मी डहाळ्या कुठून आणू, आणि ती खाणार काय. मला मावशीचं पटतं. पुलाचा जिना आणि बंद दुकानाची पायरी यातला फरक त्या गल्लीतल्या प्रत्येकाला कळतो, तो कागदावर आणायला इतकी वर्षं लागू नयेत.

वडापावचं सांगायचं राहिलं. १९६६ साली अशोक वैद्य यांनी इथेच दादर स्टेशनबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली, आणि त्याच स्टेशनबाहेर उभं राहून लसणाची कोरडी चटणी लावलेला गरम वडापाव खाताना मला उगीचच भरून आलं.

पुढच्या बुधवारी रात्रीची लातूर गाडी होती. संध्याकाळी शेवटचं म्हणून पायरीपाशी गेले तर वडापावची गाडी नेहमीच्या जागेवर नव्हती, चार हात पुढे सरकली होती. उद्या गुरुवार ना, आजी संध्याकाळीच आल्या होत्या, सोबत सूनही होती, वेण्या घेऊन. वडापाववाला म्हणाला, मार्गशीर्षात बुधवारी त्यांचीच जागा, आपला धंदा काय रोजचाच. सुनेने दोन वेण्या पळसाच्या पानात गुंडाळून दिल्या, वरून पाणी शिंपडलं आणि सांगितलं, पिशवीत कोंडू नका, वर ठेवा.

रात्रभर वरच्या बर्थवर उशापाशी ठेवल्या. सकाळी लातूरला घरी पोचले तेव्हा आई घट मांडून बसली होती, फुलंच बाकी होती. पुडी उघडली तर एकही पाकळी काळी पडली नव्हती.