जुने गोवे: इन्क्विझिशन कुठे आणि कसं चालायचं

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून बस पकडली की साधारण १० किलोमीटरवर जुने गोवे येतं. बहुतेक लोक उतरल्या उतरल्या बॉम जेझस चर्चकडे वळतात. माझ्या मते आधी रस्ता ओलांडून से कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या आवारात यावं. आदिलशाही वाडा याच चौकात होता. १५६० मध्ये पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्माविरुद्ध वागल्याचा संशय असणाऱ्यांची चौकशी करणारी न्यायसभा, सुरू झाल्यावर त्याचं न्यायालय आणि तुरुंग या वाड्यात भरले. कोकणीत लोक त्याला 'ओरलें घर', म्हणजे थोरलं घर, म्हणत. १८१२ मध्ये ही न्यायसभा कायमची उठली आणि पुढे वाडाही पाडला गेला, त्यामुळे इथे भिंत शोधू नका.

चौकशीची रीत समजून घेतली तरच ही जागा कळते. आरोप काय, ते कैद्याला सांगत नसत. तू इथे का आहेस, हे तूच आठव आणि कबूल कर, असं विचारलं जाई. साक्षीदारांची नावं गुप्त राहत. त्यामुळे शेजाऱ्याचं वैर, उधारीचं भांडण, काहीही तक्रारीला पुरे. गप्प राहिलं तर हट्टी, आणि भलतंच कबूल केलं तर अपुरी कबुली! मालमत्ता जप्त होई ती वेगळीच. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य यातून वाचला आणि १६८७ मध्ये त्याने हे सगळं छापलं, म्हणून आपल्याला कळतं.

मुख्य रोख बाटलेल्यांवर होता, पण धर्मांतराला आडवे येणारे हिंदूही सुटत नसत. १७३६ चा हुकूम पाहा: ख्रिस्ती घरात तुळस नको, धोतर-चोळी नको, हिंदूंसारखा बिनमिठाचा भातसुद्धा नको. स्वयंपाकघरच पुरावा झालं होतं.

कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात मोठी 'सोन्याची घंटा' आहे. शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी ती वाजे. कैदी अनवाणी, अंगात पिवळे झगे, अशी मिरवणूक निघे. १६७६ मध्ये देलाँच्या वेळी ती शेजारच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गेली. त्या चर्चच्या मठात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. जाळण्याची शिक्षा झालेल्यांना सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करत.

जुन्या गोव्यातला 'हातकातरो खांब' दाखवून इन्क्विझिशनवाले इथेच हात तोडायचे, असं सांगतात. पण असे दंडाचे खांब पोर्तुगीज शहरांत सर्रास असत. इन्क्विझिशनच्या यातना बंद दाराआड होत, चव्हाट्यावर नव्हे.