बार्शी लाइट रेल्वेच्या बंद स्थानकांच्या तारखा लावताना

कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन 1897 मध्ये सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. 1954 मध्ये सरकारने ती कंपनीकडून ताब्यात घेतली आणि पुढे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. एवढं कुठेही वाचायला मिळतं. मला हवी होती ती मधल्या लहान स्थानकांची यादी: कुठलं कधी बंद झालं, आणि कशावरून म्हणायचं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की स्थानक एका तारखेला बंद होतच नाही. मालाचं बुकिंग थांबतं, स्टेशन मास्तर काढून हॉल्ट करतात आणि तिकिटं कमिशनवरचा एजंट विकायला लागतो, लूप, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचा बाजूचा रूळ, उखडतात, कधीतरी गाडी थांबायची बंद होते. क्रम सगळीकडे सारखा नसतो. म्हणून तक्त्यात तारखेचा एक रकाना ठेवून भागत नाही. मी माल, कर्मचारी, क्रॉसिंग आणि प्रवासी असे चार रकाने केले, आणि पाचवा 'जागा बदलली' म्हणून. हा पाचवा नसता तर गेज बदलाच्या वेळचे घोळ सुटलेच नसते. लातूरचं जुनं स्थानक शहराच्या आत होतं, ब्रॉडगेजचं दुसरीकडे झालं. नाव तेच, इमारत वेगळी. धाराशिवचं उलटं: जुना मार्ग शहराला बाजूला ठेवून जायचा, ब्रॉडगेज करताना तो वळवून शहराजवळून नेला. तेव्हा आजचं धाराशिव स्थानक जुन्या यादीत शोधू नका.

तारखांसाठी मुख्य आधार जुनी टाइमटेबलं. स्थानक शेवटचं कोणत्या अंकात आहे आणि कोणत्या अंकापासून नाही, एवढंच ती सांगतात. तारीख या दोहोंच्या मधली. पण सार्वजनिक टाइमटेबल प्रवाशांसाठी असतं. नाव गळालं तरी तिथे मालाचे वॅगन लागत असू शकतात. त्यासाठी इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनची स्थानकांची अकारविल्हे यादी पाहावी. कोणतं स्थानक कोणत्या वाहतुकीला खुलं आहे ते तिच्यात कळतं. शोधताना जुनी नावं हाताशी हवीत. कुर्डुवाडी कितीतरी वर्षं 'बार्सी रोड' होतं, आणि बार्शी इंग्रजीत 'बार्सी' असंच लिहिलं जायचं. हे माहीत नसेल तर सूचीत समोर असलेली फाइलही नजरेतून सुटते.

जागा ठरवायला मैल लागतात. जुन्या कागदात अंतर मैल आणि चेनमध्ये असतं: 80 चेनचा एक मैल, एक चेन 66 फूट, म्हणजे साधारण 20 मीटर. शून्य कुठून धरलाय ते आधी पाहावं, कारण फाटा पुढे वाढला की मोजणीही बदललेली असू शकते. उपग्रहचित्रावर जुन्या भरावाच्या रेषेवरूनच मोजावं. सरळ रेषेत मोजलं तर वळणांमुळे स्थानक भलत्याच शेतात जाऊन पडतं. नकाशा एक इंच-एक मैल प्रमाणाचा मिळाला तर उत्तम, त्यात 1 मिलिमीटर म्हणजे 63 मीटर. 1950 च्या दशकातले 1:2,50,000 चे अमेरिकन लष्करी नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यांत 1 मिलिमीटरला पाव किलोमीटर होतो. ते मार्ग ओळखायला बरे, जागा ठरवायला नाहीत.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत ऑनलाइन होतो, मजकुराला 3,000 अक्षरांची मर्यादा आहे. 'स्थानक का बंद केलं?' असं विचारलं की 'कारणं देणं बंधनकारक नाही' असं उत्तर येतं. कागद मागावा: बंद केल्याच्या आदेशाची प्रत, स्टेशन वर्किंग रूल्सची (त्या स्थानकावर गाड्या कशा चालवायच्या याच्या नियमांची) शेवटची आवृत्ती, यार्डाचा नकाशा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) नुसार पाच दिवसांत पुढे पाठवावा लागतो, हे अर्जातच लिहून ठेवलेलं बरं. 'अभिलेख उपलब्ध नाही' हे उत्तरही जपून ठेवावं. तो कागद पुन्हा शोधण्यात वेळ जात नाही.

प्रत्यक्ष जागेवर इमारतीपेक्षा जमीन जास्त बोलते. एकेरी भराव मध्येच रुंद झालेला दिसला की तिथे लूप होता. गोदामाचं जोतं वॅगनच्या तळाच्या उंचीचं असतं, फलाट मात्र जवळपास जमिनीलगत. कुंपणाला उभे केलेले रुळाचे तुकडे नीट पाहावेत. सुरुवातीचा रूळ दर यार्ड लांबीला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे 15 किलो. उंची जेमतेम तीन इंच, आजच्या 60 किलोच्या रुळापुढे अगदीच किरकोळ. त्याच्या उभ्या पट्टीवर खडू आडवा घासला की उठावाची अक्षरं वाचता येतात: कारखाना, साल, कधी वजनही. पण रूळ एका जागेवरून दुसरीकडे नेतात. त्यामुळे त्या सालाच्या आधी हा खांब इथे नव्हता, एवढंच सिद्ध होतं.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारून उपयोग नाही. 'बहात्तरच्या दुष्काळात गाडी थांबायची का?', 'किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मास्तर होता का?' असं विचारलं की उत्तर पक्कं येतं. भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, तेव्हा तारीखही हाती लागते. आषाढी-कार्तिकीच्या आठवणी मात्र वेगळ्या काढाव्यात. यात्रेच्या खास गाड्यांचे थांबे निराळे असू शकतात, आणि लोकांच्या लक्षात नेमकी तीच गाडी राहते.

मार्ग उखडला तरी जमीन बहुधा रेल्वेचीच असते. विनापरवाना आत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. लगतचा रस्ता किंवा शेतमालकाची परवानगी असलेला बांध शोधावा. आणि रुळाचा किंवा फिशप्लेटचा (दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीचा) तुकडा आठवण म्हणून उचलू नये. रेल्वे मालमत्तेचा 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला की काम भागतं.