समोर पोस्टर, हातात डबा

सीझर सकाळी झालं. बाळाचं वजन २९०० ग्रॅम. पहिल्या तासात अंगावर पाजावं, असं माझ्या खाटेसमोरच्या पोस्टरवर ठळक लिहिलं होतं. बाळ माझ्याकडे आलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

रात्री ते रडायचं थांबेना. ड्यूटीवरची सिस्टर येता-जाता म्हणाली, "दूध उतरलं नाही अजून, पावडरचा डबा आणून ठेवा." सासूबाईंना मधाचं बोट चाटवायचं होतं, आईने ते कसंबसं टाळलं. नवरा डबा घेऊन आला. आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, ही ओळ कायद्याने प्रत्येक डब्यावर छापावीच लागते. रात्री दोनला ती वाचून मला रडूच फुटलं. वाटी-चमच्याने दोनदा पाजलं, बाळ झोपलं.

तिसऱ्या दिवशी वजन २६८० भरलं, माझ्या बोंडशांना चिरा पडल्या होत्या. मला दूधच नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी एक वयस्क सिस्टर आल्या. पडदा ओढला, स्टूल घेतलं. "तू पाज, मी नुसती बघते." दोन मिनिटांत म्हणाल्या, "अगं, तू बाळाकडे वाकतेयस. बाळाला तुझ्याकडे आण." टाक्यांवर भार नको म्हणून त्यांनी बाळ माझ्या काखेखाली घेतलं, पाय पाठीकडे, खाली उशी. ओठांना बोंडशी लावायची आणि थांबायचं. जांभईएवढं तोंड उघडलं की झटकन जवळ घ्यायचं. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडशीभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा. चटचट आवाज आला तर पकड चुकली, घुटका ऐकू यायला हवा. दुखलं तर ओढायचं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. आम्ही पाच वेळा सोडवलं. सहाव्यांदा घुटका ऐकू आला.

मग त्यांनी मला हाताने दूध काढायला शिकवलं. चमच्यात पिवळट, दाट थेंब आले. "हा चीक. थोडाच असतो, बाळाचं पोट तरी केवढं!"

चौथ्या दिवशी मात्र छाती दगडासारखी झाली. बाळाला धरताच येईना. याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्या सिस्टरांची नेमकी सुट्टी. शेजारच्या खाटेवरच्या दुसरटकरणीने सांगितलं, "कोमट फडक्याने शेक, थोडं पिळून काढ, मऊ झालं की लाव." तसं केल्यावर जमलं.

घरी आल्यावर आई फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने रेघा मारायची. पाजण्याच्या दिवसाला आठ ते बारा, ओल्या लंगोटांच्या निदान सहा. चौदाव्या दिवशी वजन २९४० भरलं. उरलेला डबा फडताळात तसाच आहे, सासूबाई टाकू देत नाहीत.